ओल्या फळ्यांचं दार

दाराची गोष्ट आज निघणार, हे आत्याला जिना चढतानाच माहीत होतं. नवा जावई, नवं घर आणि त्यात लाकडाचा विषय. एवढं सगळं एका दिवशी जुळून आल्यावर भाऊ गप्प बसेल, ही आशा तिने दुसऱ्या मजल्यावरच सोडून दिली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिने चेहऱ्यावर हसू आणून ठेवलं होतं. एकोणतीस वर्षांच्या सरावाने ते आता आपोआप यायचं.

धाकट्या भाचीचं घर रिकामं होतं. भिंतींना रंगाचा वास, खिडक्यांना पडदे नाहीत, आणि बोललेला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. रंगाचे रिकामे डबे उलटे करून मंडळी बसली होती. सगळ्यांत मोठा डबा अर्थातच भाऊने पटकावला होता. वर्गात खुर्चीवर बसतो तसा तो पाय लांब सोडून बसला होता. वहिनी खिडकीच्या कट्ट्यावर, थर्मास मांडीशी. थोरला भाचा जमिनीवर लॅपटॉप उघडून. तो लोकांची घरं सजवून द्यायचा आणि त्याच्याच भाषेत सांगायचं तर त्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. जावई मात्र भिंतीला टेकून उभा होता. लग्नाला तीनच महिने झाले होते, त्यामुळे सासरच्यांसमोर डब्यावर बसावं की नाही हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"या, सुतारबाई!" भाऊ ओरडला. "तुमच्याचसाठी थांबलोय."

आत्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. आत लाकडाचे तीन तुकडे होते. काल दुपारभर बसून तिने त्यांना रंधा मारला होता, तेल पाजलं होतं. घरच्या कुणी काम सांगण्याची ही पहिलीच वेळ. तात्या, म्हणजे वडील, गेल्यावर त्यांचा सुतारकामाचा कारखाना तिने एकटीने चालवला, त्यावरून घरात जे वादळ उठलं तेही निस्तरलं. परक्यांची कपाटं केली, टेबलं केली, एका डॉक्टरांचा अख्खा जिना केला. पण भाऊच्या घरात तिच्या हातचा साधा पाटसुद्धा नव्हता. परवा भाचीचा फोन आला, "आत्या, मला घरात खरं लाकूड हवंय, आणि ते तुझ्याच हातचं," तेव्हा तिने फोन ठेवून आधी चष्मा पुसला होता.

"आधी माझं बघून घ्या," थोरला म्हणाला आणि त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला.

पडद्यावरचं घर देखणं होतं, यात वाद नव्हता. स्वयंपाकघर, टेबल, खिडकीतली बैठक, सगळं मधाच्या रंगाचं.

"पण हे लाकूडच आहे की," जावई म्हणाला.

"लाकडाचा फोटो आहे," धाकटी म्हणाली. "फोटो छापून वर प्लास्टिक चिकटवतात. दादा त्याला फिनिश म्हणतो."

"फोटो म्हणू नकोस. लॅमिनेट आहे. पुसलं की साफ, पाणी लागत नाही, वाळवी नाही, रंग उडत नाही."

आत्या वाकून पडद्याकडे बघत होती. "ही गाठ छान आलीय रे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"आणि ही बघ, तीच गाठ. आणि ही. आणि फ्रिजच्या वर परत तीच. फार कष्टाळू झाड दिसतंय."

धाकटी खदखदून हसली. थोरल्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला, पण त्यालाही हसू आवरलं नाही. आत्या आणि तो असेच होते. लहानपणी शाळा सुटली की तो कारखान्यात येऊन भुशात लोळायचा. धंद्यात पडल्यावर मात्र त्याने आत्याला एकही काम दिलं नव्हतं. "माझ्या लोकांना पंधरा दिवसांत हवं असतं गं," एवढंच तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

आत्याने पिशवीतून तुकडे काढले आणि एक जावयाच्या हातात दिला. "डोळे मिटा आणि हात फिरवा."

जावयाने आज्ञाधारकपणे डोळे मिटले. त्याचा अंगठा लाकडावरून गेला, थांबला, परत आला. "गार लागत नाही," तो जरा नवलाने म्हणाला. "आणि इथे काहीतरी वळलंय."

"तिथे फांदी फुटली होती. हे अक्रोडाचं. वर नुसतं जवसाचं तेल आहे, दुसरं काही नाही. ओरखडा पडला तर घासायचं आणि परत तेल लावायचं. तुमची नातवंडं ओरखडे काढतील तेव्हाही हेच करायचं."

"अजून मुलंच नाहीत," जावई डोळे न उघडताच म्हणाला, आणि वहिनीला चहा ओतता ओतता ठसका लागला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण भाऊने घसा खाकरला.

"जावईबापू, हातातलं खाली ठेवा. तुम्हाला दाराची गोष्ट सांगायची राहिलीय."

"बाबा, आज नको," धाकटी म्हणाली.

"नको कशाला? माणसाने लाकडाच्या नादी लागण्याआधी ती ऐकलीच पाहिजे."

आणि तो सुरू झाला. गोष्ट सांगावी ती भाऊनेच, हे शाळेतली पोरंही मान्य करत. लग्नाची तारीख ठरलेली. नव्या जोडप्यासाठी गच्चीलगतची खोली. ताईने, म्हणजे आत्याने, हौसेने स्वतःच्या हाताने दार केलेलं, भरभक्कम, चार माणसांनी उचलावं असं. आठवडाभर दार झकास उघडलं, मिटलं. लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आंघोळीला म्हणून बाहेर पडला, मागे दार ओढून घेतलं, आणि ते जे बसलं ते बसलं. आत नवी नवरी, बाहेर नवरा. ढकललं, लाथा घातल्या. कडी निघून हातात आली, दार जागचं हलेना. दहा वाजता सासरची माणसं जेवायला हजर, सासऱ्यांच्या हातात फुलांचा गुच्छ.

"शेवटी खिडकीचे गज काढले," भाऊ डब्यावर उभा राहून म्हणाला, "आणि हिला शिडीवरून अंगणात उतरवलं! हिच्या वडिलांनी मुलगी आम्हाला दरवाजातून दिली, आम्ही खिडकीतून परत काढली!"

जावई पोट धरून हसला. थोरला हसला. आत्याही हसली, नेहमी हसायची तेवढीच, नेहमीच्याच ठिकाणी. वहिनी कपात चहा ओतत होती.

"म्हणून सांगतो," भाऊ खाली बसला, आणि त्याचा आवाज वडीलकीचा झाला. "ताईचा हात चांगला आहे, कोण नाही म्हणतं? पण लाकडाचा भरवसा नाही. फुगतं, पिळतं. लांबच्या कुणाचं घर असतं तर मी बोललो नसतो. माझ्या पोरीच्या घरात तोच घोळ पुन्हा नको. थोरल्याचं काम घ्या आणि निवांत राहा."

"बाबा!" धाकटी म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. नवऱ्याने सासऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या तुकड्याकडे. "म्हणजे," तो चाचरत म्हणाला, "दार न उघडणं हे जरा... टेबल वगैरे ठीक, पण..."

खोलीतलं वारं फिरलं ते आत्याला स्पष्ट जाणवलं. मघाशी भाची आणि जावई दोघं तिच्या बाजूला होते. आता एकटी भाची उरली होती, आणि तीही डोळ्यांत पाणी आणून. नव्या संसाराचं पहिलं भांडण आपल्या तीन तुकड्यांवरून व्हावं, हे आत्याला परवडणारं नव्हतं.

"राहू दे गं," ती म्हणाली. "दादाचंही चांगलंच आहे. तुला मी एक पोळपाट करून देईन." तिने जावयाच्या हातातून तुकडा घेतला आणि पिशवीत टाकला. दुसराही टाकला. तिसरा वहिनीच्या शेजारी कट्ट्यावर होता. तिने हात पुढे केला, पण वहिनीने तुकड्यावर आपला तळवा ठेवला.

"थांबा, ताई," वहिनी म्हणाली. आणि मग नवऱ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "ते दार बसवलं कोणी होतं, तेही सांगा की."

भाऊच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस कुठेतरी निघून गेला. "कोणी म्हणजे?"

"मी आत होते. साडेसातपासून दहापर्यंत. दार बंद होतं, कान उघडे होते." वहिनीने कप खाली ठेवला. "लग्नाआधी ताई बाहेरगावी कामाला गेल्या होत्या, त्या थेट मांडवात आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वर आल्या आणि पहिल्यांदाच दार बघून तुम्हाला म्हणाल्या, 'अरे, हे इथे कसं? फळ्या ओल्या आहेत, वाळताना पिळतील म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. त्या वाळेपर्यंत पडदा लाव म्हणून सांगून गेले होते ना?' आणि तुम्ही म्हणालात, 'नवी बायको काय पडद्याच्या खोलीत आणू?' दोन मित्रांना घेऊन तुम्हीच ते कारखान्यातून उचलून आणलंत. तुम्हीच बसवलंत. शब्द न् शब्द ऐकलाय मी."

रिकाम्या घरात 'ऐकलाय मी' दोनदा ऐकू आलं.

"अगं, ते..." भाऊ म्हणाला.

"पुढचंही ऐका. मग तुम्ही म्हणालात, 'ताई, सासरे आत्ता येतील. तू बसवलंस म्हणून सांग. पहिल्याच दिवशी माझी शोभा नको.' आणि ताई म्हणाल्या, 'बरं.' एवढंच. बरं."

थोरल्याने हळूच लॅपटॉप मिटला.

"आई, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?" धाकटीने विचारलं.

"पहिल्या दिवशी कशी बोलणार? चोरून ऐकल्यासारखंच होतं ते. मग तू, दादा, संसार. आणि खरं सांगू का, शिडीवरून उतरण्याचा भाग आला की मलाही हसू यायचं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे." वहिनी आत्याकडे वळली. "तेच चुकलं माझं, ताई. आज तुम्ही पोळपाट म्हणालात ना, ते मला लागलं."

इतक्या वर्षांत हे सगळं दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल, असं आत्याच्या मनातही आलं नव्हतं. एखादी जड वस्तू एकटीने उचलून चालत असावं आणि अचानक पलीकडचं टोक कुणीतरी धरावं, तसं तिचे हात क्षणभर रिकामे झाले.

"पण आत्या, तू तरी सांगायचंस," भाची म्हणाली.

"पहिल्यांदा शब्द दिला होता. नंतर," आत्या कसनुसं हसली, "नंतर गोष्ट इतकी रंगायला लागली की मधेच हात वर करून 'ते असं नव्हतं' म्हणायला लाज वाटायची. तुझे बाबा सांगतात किती छान!"

"मला आता खरंच तसंच आठवतं," भाऊ हळू आवाजात म्हणाला. "तूच बसवलंस असंच. शपथेवर सांगितलं असतं मी." मग सवयीने त्याने वातावरण हलकं करायला बघितलं. "पण काय गं ताई, गोष्टीने तुझं नुकसान तर काही झालं नाही ना? उलट नाव झालं!"

एरवी आत्याने इथेही हसून मान डोलावली असती. पण वहिनीचा तळवा अजून लाकडावर होता.

"झालं," ती म्हणाली. "तुझ्या शाळेच्या वाचनालयाचं काम. सहा वर्षं झाली. तुमच्या मोठ्या बाई कारखान्यात येऊन गेल्या होत्या, कपाटांचा नमुना पसंत केला होता. मी लाकूडही निवडून ठेवलं होतं. त्या आठवड्यात त्या तुझ्याकडे जेवायला आल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, 'तुमच्या भावाने दाराची गंमत सांगितली, फार हसलो हो.' आणि मग म्हणाल्या की लोखंडी रॅक घ्यायचं ठरलंय."

"ते रॅक मी स्वतः उभं राहून लावून घेतले," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी एकाचा बोल्ट निघाला तर मी पोरांना म्हटलं, नशीब, रॅक लाकडाचा नाही." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. डोळेही पुसले, पण ते तोंड पुसण्यातच खपून गेलं. "ताई, मी गाढव आहे."

"हे मला लहानपणापासून माहीत आहे," आत्या म्हणाली. "आज तू कबूल केलंस."

सगळ्यांत आधी जावई हसला, आणि मग घाबरून थांबला. पण तोवर वहिनी हसायला लागली होती, धाकटी रडत रडत हसत होती, आणि पाठोपाठ भाऊही. या वेळी आत्या जे हसली ते तिने आधी आणून ठेवलेलं नव्हतं.

"ठरलं तर," भाऊ उठला. वडीलकीचा आवाज परत आला होता, फक्त दिशा बदलली होती. "सगळं काम ताईच करेल. खऱ्या लाकडाचं. थोरल्या, तुझं ते बंद कर."

"ए, थांब," आत्या म्हणाली. "मी अजून हो कुठे म्हटलंय?"

भाऊ परत खाली बसला.

"माझं ऐकून घ्या. नळाखाली आणि ओट्याच्या आतल्या बाजूला लाकूड नको. तिथे दादाचं प्लाय आणि लॅमिनेटच बरं. तो खरं बोलतोय. लाकूड तिथे, जिथे हात लागतो. कपाटांची दारं, जेवायचं टेबल, खिडकीतली बैठक. दुसरं, फळ्या दोन वर्षं वाळलेल्या आणायच्या आणि तरीही चार महिने कारखान्यात ठेवायच्या. तोवर घरात ना टेबल, ना कपाटाला दारं. घाई केलीत तर मी काम सोडून देईन. दार बाजूला ठेवलंय असं सांगून बाहेरगावी तर मुळीच जाणार नाही."

"चार महिने जमिनीवर जेवू," धाकटी म्हणाली.

"हवेतला दमटपणा मी रोज लिहून देईन," जावई एकदम पुढे झाला. तो हवामान खात्यात होता, आणि गेल्या तीन महिन्यांत सासरी त्याला कुणी कामाचं काही विचारलं नव्हतं. "सकाळ-संध्याकाळ. खोलीनिहाय. हवा तर आलेख काढून."

"आलेख हवा," आत्या गंभीरपणे म्हणाली, आणि जावई शेवटी एकदाचा डब्यावर बसला.

थोरला गुडघ्यांवर सरकत आत्याजवळ आला. "दारं तू करणार, सांगाडा माझा. मग बिजागऱ्या कोण ठरवणार?"

"मी."

"आणि मुठी?"

"मुठी नाहीतच. दाराच्या कडेला आतून खाच घ्यायची, बोटं आपोआप जातात. पेन्सिल आण."

पेन्सिल आली. दोघं जमिनीवर पालथे पडून वर्तमानपत्रावर रेघा ओढायला लागले. पाच मिनिटांत भांडण सुरू झालं, ते पाऊण इंचावरून. वहिनीने दुसरा चहा ओतला. भाऊ दोघांच्या डोक्यावरून वाकून बघत होता, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"उजेड अडवू नकोस," आत्या म्हणाली.

पुढच्या शनिवारी सगळे वखारीत गेले. खरं तर आत्या आणि भाची दोघी पुरल्या असत्या, पण कुणी घरी राहायला तयार नव्हतं. जावयाने सोबत आर्द्रता मोजायचं स्वतःचं यंत्र आणलं होतं. ते आत्याच्या यंत्रापेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त दाखवत होतं, त्यामुळे दोघांचा प्रत्येक फळीपाशी खल व्हायचा. भाऊने छातीठोकपणे तीन फळ्या निवडल्या. तिन्ही मधोमध चिरलेल्या निघाल्या. थोरल्याने लाजून तोंड फिरवलं.

आत्या मात्र तिथे निराळीच बाई होती. ती फळीच्या टोकाशी नाक नेऊन वास घ्यायची, बोटाच्या पेराने ठोकून ऐकायची, मग एका डोळ्याने तिच्या लांबीवरून बघायची, जणू फळीच्या पलीकडे कुणी उभं आहे. "हिचा पोत सरळ जातोय, ही दारांना. ही रागीट आहे, ही नको." भाचीला एका फळीतली मोठी काळसर गाठ आवडली. वखारवाला म्हणाला, तो भाग कापून टाका. आत्या म्हणाली, "कापायचा नाही. टेबलाच्या मधोमध येऊ दे. ही दुसरीकडे कुठे सापडायची नाही."

अकरा फळ्या बाजूला निघाल्या. वखारीची रीत अशी की निवडलेल्या लाकडाच्या टोकावर सुताराचं नाव घालायचं, म्हणजे गाडीत चढवताना घोळ होत नाही. वखारवाला रंगाचा डबा शोधायला आत गेला. तेवढ्यात भाऊने सदऱ्याच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. मास्तरांच्या खिशात खडू नसेल असा दिवस उगवायचा होता. तो पहिल्या फळीसमोर उकिडवा बसला आणि फळ्यावर सुविचार लिहावा तशा मोठ्या, गोल, ठसठशीत अक्षरांत त्याने लिहिलं: माझ्या ताईची.

वखारवाला डबा घेऊन बाहेर आला. त्याने चष्मा वर करून वाचलं. "मास्तर, या नावाचं गिऱ्हाईक माझ्या वहीत नाही."

"मग लिहून घ्या," भाऊ म्हणाला. "ठळक लिहा. कुणी विचारलं तर सांगा, या गावात लाकडातलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही. मला तर मुळीच नाही."

वखारवाल्याने आत्याकडे पाहिलं. वहिनीने पाहिलं, मुलांनी पाहिलं. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि फळीजवळ जाऊन खडूच्या अक्षरांवरून बोट न लावता नुसती नजर फिरवली.

"अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "चल, हात चालव. अजून दहा फळ्या राहिल्यात."